व्हिटॅमिन बी12 आणि डी दोन्ही कमी: सॅशे रोज की आठवड्याला?

गवतीचहा
आई 63 वर्षांची, शाकाहारी, अंडंही खात नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू. बी12 आलंय 148, डी 11. तळपायाला मुंग्या येतात. डॉक्टरांनी बी12ची इंजेक्शनं आणि डीचं 60,000 युनिटचं सॅशे (पावडरची पुडी) लिहून दिलंय. सॅशे रोज घ्यायचं का? आणि ताक-इडली वाढवली तर इंजेक्शनं टळतील?

आडवाट
रोज अजिबात नाही! आठवड्याला एक, सहसा 8 आठवडे. पुढचं डॉक्टर सांगतील. वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा, कारण घोळ नेमका इथेच होतो. रोज घेत राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं. मग मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, शेवटी मूत्रपिंडावर परिणाम. मुतखडा होऊन गेला असेल तर आधीच सांगा. डी तेलातुपात विरघळतं, म्हणून उपाशीपोटी न घेता जेवणानंतर किंवा सायीच्या दुधातून घ्यावं. सकाळच्या कोवळ्या उन्हावर विसंबू नका. डी तयार करणारे किरण त्यात फार कमी असतात, आणि खिडकीच्या काचेतून तर जवळजवळ येतच नाहीत.

रेणू_रसायन
ताक-इडलीनं ही तूट भरणार नाही. बी12 जिवाणूच बनवतात हे खरं, पण इडलीच्या पिठातले जिवाणू ते पुरेसं बनवतील याचा भरवसा नाही. स्पिरुलिनात (निळं-हिरवं शेवाळ) असतं ते बहुतांश शरीराला न वापरता येणारं. दूध बरं: पाव लिटरमागे साधारण 1 मायक्रोग्रॅम, रोजची गरज 2 ते 2.5. पण मेटफॉर्मिनमुळे बी12 आतड्यात नीट शोषलंच जात नाही. पँटोप्रॅझोलसारखी पित्ताची गोळी रोज असेल तर आणखी भर, कारण अन्नातलं बी12 सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं. पण म्हणून मेटफॉर्मिन मनानं बंद करू नका, साखर बिघडेल.

बी12ची गोळी 1000 मायक्रोग्रॅमची का, असा प्रश्न पडतो. नेहमीच्या वाटेनं एका वेळी जेमतेम 2 मायक्रोग्रॅम शोषलं जातं, बाकीच्यातलं फार तर एक टक्का झिरपतं. साध्या कमतरतेला तेवढं पुरतं; मुंग्या सुरू झाल्यात तर आधी इंजेक्शनंच.

गवतीचहा
पंधरा दिवसांनी परत बी12 तपासू का? घरात फॉलिक अॅसिडच्या गोळ्याही आहेत.

रेणू_रसायन
नको, पैसे वाया. इंजेक्शननंतर आकडा वर जाणारच. दोनेक महिन्यांनी हिमोग्राम (रक्तपेशींची तपासणी) करा, डी तीन महिन्यांनी. मुंग्या कमी व्हायला काही महिने लागतात. बी12 सुरू होण्याआधी नुसतं फॉलिक अॅसिड देऊ नका: रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान चालूच राहतं.

आडवाट
केसांसाठी बायोटिन घेत असतील तर तपासणीआधी दोन-तीन दिवस थांबवायला सांगा. काही यंत्रांवर त्यानं बी12 आणि डीचे आकडे खोटेच जास्त येतात.