'वाचक' म्हणजे नेमकं कोण?

झुळूक : शाळेच्या ग्रंथालयासाठी नववीच्या मुलांना प्रश्नावली दिली होती. पहिलाच प्रश्न : 'तुम्ही स्वतःला वाचक समजता का?' बहुतेकांनी 'नाही' लिहिलं. त्यातली एक मुलगी प्रतिलिपी या कथांच्या ॲपवरच्या कथांचे भाग न चुकता वाचते, एक मुलगा मांगा म्हणजे जपानी चित्रकथांचा फडशा पाडतो, आणि क्रिकेटच्या आकडेवारीवर जगणारे तर कितीतरी. मग हे 'नाही' आलं कुठून? या वयाच्या मुलांना 'वाचक' शब्दाचा काय अर्थ लागत असेल?

कानामात्रा : मुळात बोलताना 'मी वाचक आहे' असं कोण म्हणतं? 'मला वाचायला आवडतं', 'ती खूप वाचते', 'त्याला वाचनाचं वेड आहे' ही आपली भाषा. 'वाचक' हा छापील शब्द : 'वाचकांची पत्रे', 'सुज्ञ वाचकांस सांगणे न लगे'. नववीतल्या मुलाला तर तो व्याकरणाच्या तासालाच जास्त भेटतो, भाववाचक नाम, संख्यावाचक विशेषण वगैरे. तिथे त्याचा अर्थ 'दाखवणारा, सांगणारा'. धातू वच्, म्हणजे बोलणे. वाचा आणि वाचाळ त्याच घरातले.

झुळूक : म्हणजे 'तुम्ही वाचता का?' एवढं विचारलं असतं तर?

कानामात्रा : थोडा फरक पडला असता. पण क्रियापदातही गोम आहे. घरात काय बोलतो ते आठवा. पुस्तक हातात असेल तर मुलगी 'वाचतेय'. तीच कथा फोनवर असेल तर ती 'मोबाईल बघतेय'. आई म्हणते, बाबा म्हणतात, आणि विचारलं तर मुलगीही तेच सांगते. शंभर भागांची कथा संपवली तरी ती 'बघणे' या खात्यात जमा. स्वतःबद्दलचं मत माणूस घरात ऐकलेल्या क्रियापदांवरूनच बनवतो, असं मला वाटतं. अगदी कागदावर वाचलं तरी प्रश्न सुटत नाही. शाळेत वाचनाचे दोन कप्पे : अभ्यासाचं आणि अवांतर. अवांतर म्हणजे मुख्य विषय सोडून इतर. खरं तर त्यात काहीही बसायला हवं. पण शिक्षक 'अवांतर वाचन वाढवा' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात चरित्रं, प्रवासवर्णनं, श्यामची आई असते. 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला मांगा घेऊन बसलेल्या मुलाचा फोटो कुठल्या शाळेने काढला असेल, तर मला जरूर दाखवा!

तळटीप : हे फक्त मराठीत होतं असं नाही. 2018च्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत 15 वर्षांच्या मुलांना विचारलं होतं, आणि ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या जवळपास निम्म्या (49 टक्के) मुलांनी 'वाचावंच लागलं तर वाचतो' या विधानाला होकार दिला. भारत त्या फेरीत नव्हता. होकार देताना त्यांच्या डोळ्यांसमोर पुस्तक होतं की फोन, हे मात्र त्या एका आकड्यातून कळत नाही.

अर्धविराम : मी अकरावीत आहे, बोलू का? आमच्या वर्गात 'वाचक' म्हणजे मधल्या सुट्टीत डबा खाताना पुस्तक काढणारी ती एक मुलगी. बाकी सगळे वाचतात, पण तसे नाहीत. मी मे महिन्यात भरपूर वाचते, जूननंतर काहीच नाही. मला 'वाचणारी' म्हटलं तर चालेल. 'वाचक' म्हटलं की लगेच कोणीतरी विचारणार, सध्या काय वाचतेस? आणि उत्तर भारी हवं.

कानामात्रा : 'वाचणारी' आणि 'वाचक' यातला हा फरक कोशात सापडणार नाही. छान पकडलात.

तळटीप : त्यात शाळेच्या भिंतीवर 'वाचाल तर वाचाल'. दोन निराळी क्रियापदं भविष्यकाळात एकसारखी दिसतात म्हणून ती गंमत जमते. भूतकाळात लगेच फुटते. 'मी पुस्तक वाचलं' आणि 'मी थोडक्यात वाचलो'. पण घोषणा म्हणून ती धमकीच आहे, नाही वाचलंत तर बुडालात!

अर्धविराम : आम्ही ती गणिताच्या पेपरनंतर म्हणतो. दुसऱ्या अर्थाने.

झुळूक : प्रश्न बदलतेय : 'गेल्या आठवड्यात कागदावर किंवा फोनवर काय काय वाचलंत? मेसेज सोडून सगळं लिहा.' आणखी एक शंका. लेखिका, गायिका चालतात, मग मुलींसाठी 'वाचिका' का नाही?

कानामात्रा : रूप बरोबर आहे, पण वापरात जवळजवळ नाही. संपादकाला पत्र लिहिणारी बाईसुद्धा खाली 'एक वाचक' अशीच सही करते.

अर्धविराम : 'वाचिका' नको. शिक्षिकेसारखं वाटतं.