अपस्मार असलेल्या मुलीचे जीवनमान मोजताना उत्तर कोणाचे धरावे, आईचे की मुलीचे?

नमस्कार. आम्ही शिरपूर तालुक्यात राहतो. माझी मुलगी पाचवीत आहे आणि तिला अपस्मार आहे. औषध लागू पडले असून फिट येणे जवळपास थांबले आहे. दर भेटीत डॉक्टर मधल्या काळात किती वेळा फिट आली ते विचारतात, मी वही पाहून सांगते आणि तपासणी तिथेच आटोपते. तिची वाढलेली चिडचिड, वर्गात पेंगणे, मैत्रिणींनी खेळायला बोलावणे बंद करणे, यांची नोंद कुठेच होत नाही. ती लेव्हेटिरासिटाम घेते आणि या औषधाने काही मुलांची चिडचिड वाढते, त्यामुळे त्रास औषधाचा आहे, आजाराचा आहे की आम्ही घातलेल्या बंधनांचा, हे कळणे मला फार गरजेचे वाटते.

शोध घेतल्यावर अशा मुलांचे जीवनमान, म्हणजे त्यांचे रोजचे जगणे कितपत चांगले चालले आहे, हे मोजणाऱ्या दोन प्रश्नावल्या समजल्या. ‘क्यूओएलसीई-५५’ ही ४ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी असून ती पालक भरतात. तीत आकलन, भावना, मित्रपरिवार आणि शारीरिक हालचाल यांविषयी गेल्या चार आठवड्यांतले ५५ प्रश्न असतात आणि गुण ० ते १०० असे निघतात. गुण जितके जास्त, तितके जीवनमान चांगले. दुसरी, ‘चेक्वॉल-२५’, कॅनडात तयार झाली. तिचे मुलांसाठी एक आणि पालकांसाठी एक असे दोन नमुने आहेत, आणि आजार लपवावा लागतो का, हेही ती विचारते.

मी दुसरीतले काही प्रश्न माझ्या परीने मराठीत करून पाहिले. काळजीच्या प्रश्नांवर माझी उत्तरे तिच्यापेक्षा बरीच वाईट आली. पालक बहुधा मुलांपेक्षा कमी गुण देतात, असे अभ्यासांतही आढळले आहे. लपवण्याच्या प्रश्नावर मात्र उलटे झाले. मला तो विषय किरकोळ वाटत होता, पण डब्यासोबतची गोळी कोणाला दिसू नये म्हणून आपण ती बाथरूममध्ये जाऊन घेतो, असे तिने तेव्हा सांगितले. घरातल्या मोठ्यांची तशी ताकीदच आहे. पुढे लग्नाच्या वेळी अडचण नको, हे त्यामागचे कारण. श्रावणात कानबाईच्या (आमच्या खानदेशातल्या देवीच्या) विसर्जनाला सगळ्या मुली तापीवर गेल्या आणि हिला आजीजवळ ठेवले, तेव्हा तिने विचारले होते, “आते फिट येत नही, मंग माले घरमा काब्र बठाडी ठेवतस?” (आता फिट येत नाही, मग मला घरात का बसवून ठेवता?) पाण्याजवळ सावध राहायलाच हवे, हे मी जाणते, पण असे घरी बसणे कोणत्या गुणांत धरायचे?

यापैकी कोणत्याही प्रश्नावलीचा रीतसर तपासलेला मराठी अनुवाद कोणी वापरला आहे का? घरगुती अनुवादावरच्या गुणांची इतरांशी तुलना करता येणार नाही, हे उघड आहे. मुलगी घरात अहिराणी बोलते, तेव्हा प्रश्न तिला अहिराणीत समजावून सांगितले तर चालतील का, आणि ते मी वाचावेत की शाळेतल्या बाईंनी? माझ्यासमोर ती मला बरे वाटेल असेच बोलते, अशी मला शंका आहे.

औषध बदलण्याचा सल्ला मी डॉक्टरांकडूनच घेईन. बालमेंदूविकार विभागात काम करणाऱ्यांनी किंवा अशी प्रश्नावली भरलेल्या पालकांनी एवढे जरूर सांगावे: दोघींची उत्तरे जुळत नसतील तर दोन्ही कागद डॉक्टरांपुढे ठेवावेत का, आणि औषधाची मात्रा बदलल्यावर किती दिवसांनी पुन्हा भरावेत?