कर्नाटकातलं नवजात बाळ महाराष्ट्रात दत्तक घ्यायचं तर नियम काय, थांबावं किती लागतं?

पंचगंगेकाठची
नमस्कार. आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातले, लग्नाला बरीच वर्षं झाली, कारावर (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) रजिस्ट्रेशन झालंय, होम स्टडी, म्हणजे घरी येऊन केलेली पाहणी, पण झाली, आता रोज केअरिंग्ज हे त्यांचं पोर्टल उघडून आपला नंबर किती सरकला बघायचं एवढंच चाललंय. परवा मावससासूंचा फोन आला. सीमेपलीकडं कर्नाटकात त्यांच्या ओळखीच्या एका दवाखान्यात लग्न न झालेली एक मुलगी बाळंत व्हायला आलीय, घरचे बाळ ठेवायला तयार नाहीत, आणि तिथली एक बाई म्हणते की बाळ झालं की दुसऱ्या दिवशी तुमच्या ओटीत घालते, स्टॅम्प पेपरवर लिहून घेऊ, दवाखान्याचा खर्च आणि मुलीच्या घरच्यांचं काय ते तेवढं बघा. सासूबाई म्हणतात देवानंच दिलंय, नाही म्हणू नका. मला रात्रभर झोप नाही. राज्य वेगळं म्हणून कायदा वेगळा असतो का? वकिलाकडून कागद केला तर चालतो का? आणि रीतसर गेलो तर हेच बाळ आम्हाला मिळेल का, किती दिवसांनी? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

ओवी_ची_आई
ताई, आधी एक सांगते, हो म्हणू नका. तुमची तगमग मला कळते, आमची लेक ओडिशाहून आली आणि आम्ही पुण्याचे, तिच्याआधी आम्हालाही असे "सोर्स" सांगणारे भेटले होते. कारा पूर्ण देशाला एकच आहे, राज्य बदललं म्हणून कायदा बदलत नाही. 2015 चा जेजे अॅक्ट, म्हणजे बाल न्याय कायदा, आणि 2022 चे दत्तक नियम कोल्हापूरला तेच आणि बेळगावला तेच. आमची होम स्टडी पुण्यातल्या संस्थेनं केली, बाळ तिकडच्या संस्थेत, सगळं त्याच पोर्टलवर जोडलेलं. तेव्हा राज्याचं टेन्शन घेऊ नका, टेन्शन घ्या त्या मधल्या बाईचं.

अॅड_सांगली
वकील म्हणून स्पष्ट लिहितो. स्टॅम्प पेपर पाचशेचा असो की नोटरी केलेला, त्यानं अशा बाळाचं दत्तक होत नाही. प्रक्रिया सोडून मूल दिलं-घेतलं तर जेजे अॅक्टचं कलम 80, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही. पैसे फिरले की कलम 81 लागतं, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि वर एक लाख दंड, आणि देणारा दवाखान्यातला माणूस असेल तर त्याला किमान तीन, जास्तीत जास्त सात वर्षं. "खर्च तेवढा बघा" हे वाक्य कोर्टात पैसेच समजलं जातं हो. एप्रिल 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं बालतस्करीच्या केसमध्ये सांगितलंय की रुग्णालयातून नवजात बाळ तस्करीत गेलं तर पहिली कारवाई म्हणून त्या रुग्णालयाचं लायसन्स सस्पेंड व्हायला पाहिजे.

आता कुणीतरी म्हणेल की 1956 चा हिंदू दत्तक कायदा आहे की. आहे, जेजे अॅक्टनं तो रद्द केलेला नाही, आणि नात्यात आईवडील स्वतः होऊन मूल देतात तिथं लोक तो वापरतात, रजिस्टर्ड दत्तकपत्र करतात. पण त्यातही कलम 17 प्रमाणे पैसे देणंघेणं गुन्हाच आहे. इथं आई समोर नाही, तिची मर्जी आपल्याला तिसऱ्याच्या तोंडून कळतेय, मधे दलाल आहे, अशा ठिकाणी तो कायदा पुढं करून कुणी कागद करून देतो म्हणालं तर त्या वकिलापासून पण लांब राहा.

आणखी एक, ती मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो, दवाखान्याला पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवता बाळ गुपचूप बाहेर काढायचं चाललं असेल तर तुम्ही नकळत कशात अडकताय याचा विचार करा. आणि बाळाच्या जन्मनोंदीत आई म्हणून थेट तुमचं नाव घालतो असं म्हणाले तर ती सरळ खोटी नोंद, पुढं आयुष्यभर ते पोर त्या खोट्या कागदावर उभं राहणार.

पाळणाघर_नव्हे_पाळणा
मी एका विशेष दत्तक संस्थेत काम करते, नाव लिहीत नाही. सगळेजण वाट बघणाऱ्या पालकांचं बोलताय, मला त्या मुलीचं बोलायचंय.

रीतसर सरेंडर, म्हणजे आईनं बाळ सोपवून देणं, कसं होतं ते सांगते. आई बालकल्याण समितीपुढं येते, आधी तिच्याशी समुपदेशन होतं, लग्न झालेलं नसेल तर तिची एकटीचीच सही चालते, घरच्यांची लागत नाही आणि तिचं नाव गुप्त राहतं. सही झाली की कागदाची प्रत तिच्या हातात देतात आणि सांगतात की आजपासून दोन महिने तुझे आहेत, मन बदललं तर ये, बाळ तुझंच आहे. या साठ दिवसांत बाळ कुणालाही दाखवता येत नाही, पोर्टलवर जात नाही. मुदत संपली की मग समिती ते दत्तकासाठी मुक्त जाहीर करते. सापडलेल्या बाळाचं वेगळं, त्याच्या आईवडलांचा शोध घ्यावा लागतो, पेपरात फोटो द्यावा लागतो, दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर तिथंही दोन महिन्यांत निर्णय अपेक्षित असतो.

लोकांना हे दोन महिने सरकारी वेळकाढूपणा वाटतो, मला फार राग येतो याचा. बाळंतपणानंतर दुसऱ्या दिवशी, अंगावर दूध येतंय, बाप बाहेर दारात उभा, अशा पोरीची सही ही तिची सही असते का? आमच्याकडं एकजण मुदत संपायला थोडे दिवस असताना आली, बरोबर तिची आजी होती, आजीनं येताना गोधडी शिवून आणलेली, त्यात गुंडाळून घेऊन गेली बाळाला. ते बाळ आधीच कुणाच्या घरी दिलेलं असतं तर? तिकडं दुसरी आई तुटली असती.

तेव्हा मावससासूंना एकच काम सांगा, त्या मुलीपर्यंत 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर पोचवा. तिला कन्नडमधून बोलणारं माणूस मिळेल.

पंचगंगेकाठची
सगळ्यांचे खूप आभार. वाचून रडले पण मन ठाम झालं. मावशींना सांगितलं, त्या थोड्या चिडल्या पण नंबर देते म्हणाल्या. हेच बाळ पुढं आम्हाला मिळेल असं काही करता येतं का हे मात्र कुणी लिहिलं नाही. आणि खरंच दुसऱ्या राज्यातलं बाळ मिळालं तर तिथं महिनोन्महिने राहावं लागतं का?

ओवी_ची_आई
हेच बाळ मागता येत नाही ताई, ज्याचा नंबर वर त्यालाच पोर्टल दाखवणार, आणि तसंच असायला हवं. लहान बाळासाठी थांबावं लागतं, तीनएक वर्षं किंवा जास्त धरून चला, कारण 2024-25 मध्ये देशभरात मिळून 4,515 दत्तक झाले आणि तो आकडा मोठा म्हणून सांगितला जातो, रांगेत बसलेले आपण त्याच्या कितीतरी पट. अगदी नवजात मिळणारच नाही, आईचे दोन महिने आणि पुढचे कागद धरून बाळ काही महिन्यांचं होऊनच येतं. ओवी आली तेव्हा पालथी पडत होती.

राहावं लागत नाही. पोर्टलवर बाळ दिसलं की 48 तासांत रिझर्व्ह करायचं, तेव्हा फोन बंद ठेवू नका, मग 30 दिवसांत जाऊन भेटून, मेडिकल रिपोर्ट आपल्या डॉक्टरला दाखवून होकार द्यायचा. होकार दिला की दत्तकपूर्व संगोपन म्हणून लगेच घरी आणता येतं. ऑर्डर मागाहून निघते, सप्टेंबर 2022 पासून ती कोर्ट नाही, जिल्हाधिकारी देतात, संस्था ज्या जिल्ह्यात तिथले, अर्ज संस्थाच करते. आमच्या वेळी अजून कोर्ट होतं, त्यात बराच वेळ गेला, आता दोन महिन्यांची मुदत घातलीय. ऑर्डरनंतर तुमच्या नावानं जन्मदाखला मिळतो. पुढं दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तुमच्याकडचेच सोशल वर्कर घरी येऊन बघून जातात, कर्नाटकातून कुणी येत नाही.

अॅड_सांगली
होम स्टडी तीन वर्षंच चालतो, तारीख बघून ठेवा. आणि दोघांच्या वयाची बेरीज 85 च्या वर गेली की दोन वर्षांखालच्या बाळासाठी बसत नाही, तुमचं वय लिहिलेलं नाही म्हणून सांगतोय. बेरीज जवळ आली असेल तर दोन ते चार वर्षांच्या गटाचा विचार आत्ताच करा, तिथं मर्यादा 90 आहे.

पंचगंगेकाठची
बेरीज 79 आहे सर. ह्यांच्याशी बोलून मोठ्या मुलाच्या गटाचं पण बघतो.