बुरशीचं सिक्वेन्सिंग आणि औषध-चाचणी मुंबई-पुण्यात कुठे होते?

मदत हवी आहे. मामा रत्नागिरीकडचे, बागायतदार. काटा रुतला त्या जागी पायावर फुलकोबीसारखी खरबरीत गाठ वाढली. नायटा समजून मलमं चोळली (त्यात स्टेरॉइडचंही, काय बोलणार!). बायोप्सीत तपकिरी, जाड भिंतीच्या गोल पेशी दिसल्या: क्रोमोब्लास्टोमायकोसिस, म्हणजे काळ्या बुरशीमुळे होणारा त्वचेचा जुनाट संसर्ग. इट्राकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) सुरू आहे, कित्येक महिने चालेल.

डॉक्टरांना आता नेमकी बुरशी हवीय, फोन्सेकिया की क्लॅडोफियालोफोरा. कल्चर (नमुन्यातून प्रयोगशाळेत वाढवलेली बुरशी) फार हळू वाढतं, त्यात या काळ्या बुरशा मायक्रोस्कोपखाली एकमेकींसारख्याच. म्हणून आयटीएस सिक्वेन्सिंग (डीएनएच्या एका भागावरून बुरशीची ओळख) हवंय, शिवाय इट्राकोनॅझोल आणि टर्बिनाफिन या औषधांची एमआयसी, म्हणजे बुरशीची वाढ थांबवायला लागणारी कमीत कमी मात्रा. चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयाचं माहीत आहे, पण मामांना तेवढं लांब नेणं अवघड. जवळपास कुणी केलंय का? खर्च किती? फॉर्मलिनमधला तुकडा कल्चरला चालत नाही म्हणतात. मग सलाइनमधला नमुना कुरियरने घेतात का?