पेनड्राइव्हवरून ई-रीडरचं फर्मवेअर अपडेट होत नाहीये, मदत हवी आहे

चिपळूणकरीण

नमस्कार मंडळी,

भावाने त्याचा जुना ई-रीडर आमच्या अण्णांसाठी पाठवला आहे. सहा इंची ई-इंक स्क्रीन, मायक्रो यूएसबी, मेमरी कार्डाची सोय नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ते लिहिलं की सगळी चर्चा 'हा कशाला घेतलात' याच्यावर घसरते, आणि आम्ही तो घेतलेलाच नाही.

इंग्रजी पुस्तकं झकास दिसतात. मराठी ईपब (ई-पुस्तकाची फाइल) उघडलं की जोडाक्षरं फुटतात, 'प्रकाश'मधला प लंगडा होऊन र वेगळा पडतो, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन बसते. अण्णांना विकिस्रोतावरची जुनी पुस्तकं वाचायची आहेत, पण दोन पानांत वैतागून ते रीडर बाजूला ठेवतात. नव्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे रीडरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, देवनागरी नीट दिसते असं कंपनीच्या साइटवर लिहिलंय, म्हणून हा सगळा उद्योग.

घरचं वायफाय रीडरच्या यादीत येतच नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट येतो, जोडलाही जातो, पण 'सर्व्हरशी संपर्क झाला नाही' एवढंच सांगतो. घरात कॉम्प्युटर नाही आणि ऑफिसच्या मशीनवर यूएसबी बंद करून ठेवलंय. शेवटी बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडून फाइल डाउनलोड करून पेनड्राइव्हमध्ये आणली आणि ओटीजी अडॅप्टर (मोबाइलला पेनड्राइव्ह लावायचा छोटा जोड) लावून पेनड्राइव्ह रीडरला जोडला. काहीच होत नाही. पेनड्राइव्हचा दिवासुद्धा लागत नाही. तोच पेनड्राइव्ह मोबाइलला लावला तर व्यवस्थित उघडतो आणि त्यात एक झिप फाइल दिसते. रीडरच्या सेटिंगमध्ये 'अपडेट' फिकं दिसतं, दाबलं जात नाही.

पेनड्राइव्ह दुसऱ्या प्रकारे फॉरमॅट करायला हवा का? की या रीडरचं पोर्टच गेलंय? जाणकारांनी सांगावं.


सोल्डरगन

पोर्ट गेलेलं नाही. चार्जिंग होतंय ना? मग निश्चिंत राहा.

दिवा लागत नाही यातच उत्तर आहे. पेनड्राइव्हला ५ व्होल्ट बाहेरून लागतात, आणि ते द्यायचं काम समोरच्या यंत्राचं असतं. कॉम्प्युटर देतो, ओटीजी असलेला फोन देतो. बहुतेक ई-रीडर देत नाहीत, कारण यूएसबीच्या भाषेत ते स्वतःच पेनड्राइव्ह आहेत. दोन पेनड्राइव्ह एकमेकांना जोडून काय होणार! अँड्रॉइडवर चालणारे काही रीडर (बूक्स वगैरे) याला अपवाद आहेत, तुमचा वर्णनावरून त्यातला वाटत नाही. तेव्हा फॉरमॅटच्या फंदात पडू नका.

फाइल रीडरच्या आतल्या मेमरीत गेली पाहिजे, आणि त्यासाठी कॉम्प्युटर लागत नाही. तुमचा फोन पुरेसा आहे. आधी पेनड्राइव्ह फोनला लावून झिप फोनमध्ये कॉपी करा. पेनड्राइव्ह काढा. मग ओटीजी अडॅप्टर फोनच्या बाजूला लावा आणि त्यात रीडरची केबल. रीडरच्या स्क्रीनवर 'यूएसबीने जोडले आहे' अशा अर्थाचं काही आलं की फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये तो ड्राइव्ह म्हणून दिसेल.

दोन ठिकाणी लोक अडकतात. एक म्हणजे केबल. पॉवरबँक किंवा ट्रिमरबरोबर आलेल्या बऱ्याच केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतातच, नुसतं चार्जिंग होतं. दुसरं, ओप्पो, रिअलमी, वनप्लसच्या बऱ्याच फोनमध्ये ओटीजी सेटिंगमधून चालू करावं लागतं आणि थोडा वेळ न वापरल्यास ते आपोआप बंदही होतं. फोन भरपूर चार्ज असू द्या, रीडर त्याच्यातूनच वीज ओढणार.


जुनाजाणता

वरच्याशी सहमत. वायफायचं कोडंही सांगून टाकतो. जुने रीडर फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. राउटर ५ वर असेल तर त्यांना तो दिसणारच नाही. आणि हॉटस्पॉट मिळूनही सर्व्हर मिळत नाही याचं नेहमीचं कारण म्हणजे रीडरमधली सुरक्षेची प्रमाणपत्रं जुनी झालेली असतात. २०१२ किंवा त्याआधीच्या किंडलांचं असंच झालं होतं. २२ मार्च २०१६ पर्यंत ठरावीक अपडेट न घेतलेली यंत्रं वायफायवरून अपडेट होईनात, मग केबल लावून हातानेच फाइल टाकावी लागली. अपडेट घ्यायला नेट हवं आणि नेट चालायला अपडेट हवं, असला प्रकार.

आता फाइल कुठे ठेवायची ते. झिप तशीच टाकू नका, फोनमध्येच उघडा. (फक्त तुमच्या कंपनीच्या पानावर 'झिप उघडू नका' असं लिहिलं असेल तर त्यांचं ऐका.) पुढचं कंपनीप्रमाणे बदलतं. किंडलला डॉट बिन फाइल अगदी बाहेर, कुठल्याही फोल्डरमध्ये न घालता ठेवावी लागते, तरच 'अपडेट' दाबता येतं. कोबोमध्ये उलट, 'डॉट कोबो' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये सगळं टाकायचं. त्यासाठी फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या फाइली दाखवा हा पर्याय चालू करायचा, आणि केबल काढली की तो आपणहून अपडेट सुरू करतो. पॉकेटबुकच्या अनेक मॉडेलांत फाइल बाहेर ठेवून यंत्र बंद करायचं आणि पान उलटायची बटणं दाबून धरून चालू करायचं. तुमच्याकडे 'अपडेट' फिकं दिसतंय, म्हणजे हा पहिल्या पद्धतीचा असावा.

फाइलीचं नाव बदलू नका. डाउनलोड दोनदा झालं असेल तर ब्राउझर नावापुढे कंसात १ चिकटवतो, तो काढा. आणि फाइल नेमक्या त्याच मॉडेलची आहे ना ते सीरियल नंबरवरून ताडून पाहा. झेरॉक्सवाल्याने यादीतली पहिली फाइल उतरवली असण्याची शक्यता मी तरी गृहीत धरेन. बाहेरून एकसारखे दिसणारे रीडर आतून वेगळे असतात.


सोल्डरगन

राहिलंच. कॉपी झाल्यावर केबल उपटू नका. फोनच्या नोटिफिकेशनमधून ड्राइव्ह आधी 'इजेक्ट' करा, मगच काढा. 'कॉपी झाली' दिसलं तरी शेवटचा तुकडा लिहायचा राहिलेला असू शकतो. दोन्हीकडे फाइलीचा आकार सारखा आहे का तेही बघा.

अपडेटच्या आधी रीडर पूर्ण चार्ज करा. बॅटरी कमी असली तरी काही रीडर 'अपडेट' फिकं ठेवतात आणि कारण सांगत नाहीत.

आणि एकदा सुरू झालं की हात लावू नका. ई-इंकला चित्र बदलायलाच वीज लागते, टिकवायला लागत नाही. त्यामुळे स्क्रीनवर पट्टी अर्ध्यात थांबलेली दिसली तर ती खरंच अडकलीय, की नुसती बराच वेळ बदललेली नाही, हे बघून कळत नाही. घाईने बटण दाबून चांगले रीडर कायमचे झोपवलेले मी पाहिले आहेत. तासभर तरी थांबा. त्यानंतरही हललं नाही तर पॉवर बटण चाळीसेक सेकंद दाबून धरा.


अक्षरजुळणी

ताई, एक शंका. अपडेटने जोडाक्षरं सुधारतीलच असं धरून चालू नका. आधी तेच ईपब फोनवर उघडून पाहा. फोनवर नीट आणि रीडरवर फुटकं असेल तर दोष रीडरच्या अक्षरजुळणीचा, तिथे अपडेटचा उपयोग होईल. युनिकोडमध्ये वेलांटी अक्षरानंतर साठवलेली असते, ती आधी दाखवायचं काम सॉफ्टवेअरचं. तुम्ही सांगताय ती लक्षणं नेमकी तीच आहेत. नुसता चांगला फॉन्ट टाकून हे सुटत नाही.


चिपळूणकरीण

झालं! पहिली केबल नुसती चार्जिंगचीच निघाली. शेजारच्या मुलाच्या जुन्या फोनची केबल लावली तर रीडर लगेच फोनवर दिसला. फाइल मॉडेलचीच होती. झिप उघडून आतली फाइल बाहेरच ठेवली, इजेक्ट केलं, आणि 'अपडेट' ठळक झालं. मध्ये पट्टी इतका वेळ थांबली की अण्णा म्हणाले, "गेला वाटतं." सोल्डरगन, तुमचा प्रतिसाद वाचला नसता तर मी नक्की बटण दाबलं असतं.

विकिस्रोतावरची पुस्तकं आता स्वच्छ दिसतात. पण अण्णांच्या मित्राने दिलेलं एक ईपब अजूनही तसंच आहे. त्यात जोडाक्षरं फुटलेली नाहीत, सगळीकडे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच दिसतात. फोनवरही तसंच. याचं काय करायचं?


अक्षरजुळणी

ते पुस्तक श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असणार. त्यात अक्षरं मुळात इंग्रजीच्या जागांवर बसवलेली असतात आणि तो फॉन्ट नसला की कचरा दिसतो. कुठलंही फर्मवेअर ते सुधारणार नाही. कॅलिबर या ई-पुस्तकांच्या सॉफ्टवेअरमध्ये ईपबमधला मजकूर बाहेर काढून फॉन्ट कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये न्यावा लागेल, आणि त्यासाठी मात्र कॉम्प्युटर हवा. मजकुरातल्या दोन ओळी इथे चिकटवा, कोणता फॉन्ट आहे ते ओळखून सांगतो. दरम्यान त्या मित्राकडे पीडीएफ असेल तर तीच मागा. पीडीएफमध्ये बहुधा फॉन्ट आतच भरलेला असतो. सहा इंचांवर अक्षर बारीक दिसेल, रीडर आडवा धरून वाचायला सांगा.