मदत हवी आहे: बाबांच्या गाठीचा तुकडा ‘ऊतक पेढी’ला द्यावा का?

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, रामबागेतले. बाबा ७१ वर्षांचे. प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीत पीएसए वाढलेला निघाला, बायोप्सीत कॅन्सर, ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक दिसतो याचा गुणांक) ३+४=७ आला. येत्या मंगळवारी मुंबईत प्रोस्टेट (पुरुषांची मूत्राशयाखालची ग्रंथी) काढायचंय. आजाराचं डॉक्टरांनी नीट समजावलंय, अडलंय ते एका कागदावर.

ऑपरेशनच्या संमतीपत्रासोबत आणखी एक मराठी फॉर्म आलाय. तपासणीनंतर उरलेला भाग आणि थोडं रक्त ‘ऊतक पेढी’त ठेवू का, म्हणून. खाली चौकोन: फक्त याच कॅन्सरसाठी, कुठल्याही संशोधनासाठी, इतर संस्थांना द्यायला, पुढे संपर्क करायला. बाबा म्हणाले, "पेढी तर सराफ्यात असते, ही कसली?" ऊतक म्हणजे टिश्यू हे मलाही शोधावं लागलं. ग्वाल्हेरच्या आत्याचा वेगळाच घोर, शरीराचा तुकडा असा मागे ठेवू नये म्हणे.

मला एवढंच विचारायचंय: तुकडा तिकडे गेला तर रिपोर्टला कमी पडेल का? उद्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं झालं तर? आणि नाही म्हटलं तर डॉक्टर नाराज होतील का?

प्रतिसाद १
पॅथॉलॉजीत काम करते, म्हणून लिहिते. रिपोर्ट आधी, बँक (म्हणजे ही ऊतक पेढी) नंतर. प्रोस्टेटमधली गाठ बऱ्याचदा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही आणि एकाहून जास्त ठिकाणी असते, म्हणून तुकडा कुठून घ्यायचा हे पॅथॉलॉजिस्टच ठरवतात. पेढीसाठीचा तुकडा उणे ८० अंशांवर किंवा द्रव नायट्रोजनमध्ये जातो. बाकीचं फॉर्मलिनमधून मेणाच्या ब्लॉकमध्ये. दुसरं मत घ्यायला हेच ब्लॉक आणि स्लाइड लागतात, ते मागता येतात का हे सहीआधी विचारून घ्या.

‘इतर संस्थांना’ या चौकोनाला लोक बिचकतात, पण खरी गरज तिथेच आहे. हा कॅन्सर सहसा सावकाश वाढतो. एकाच ग्लीसनच्या दोघांपैकी कुणाचा उलटला, हे कळायला वर्षं जातात आणि एका हॉस्पिटलचे नमुने पुरत नाहीत. नावाऐवजी कोड नंबर जातो.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नकार दिल्याने उपचारात फरक पडता कामा नये, आणि संमती नंतर मागे घेता येते. फक्त तोवर वापरला गेलेला नमुना परत येत नाही, हे आत्याबाईंना सांगा.

धागाकर्ता
आभार ताई! बाबांनी चारही चौकोनांत खूण केली. संपर्कासाठी नंबर मात्र माझा टाकलाय, ते फोन उचलतच नाहीत. आत्याला अजून सांगितलेलं नाही.