रीच डिक्लरेशन: पितळी टर्मिनलमधल्या शिशाचं काय लिहायचं?

अंबडला आमचं छोटं टर्निंगचं युनिट आहे, फ्री कटिंग (शिसं मिसळलेल्या, सहज कापल्या जाणाऱ्या) बारमधून पितळी टर्मिनल काढतो, माल पुण्याच्या पार्टीमार्फत जर्मनीला जातो. आता पार्टीनं रीचसाठी (युरोपचा केमिकलचा कायदा) भलीमोठी एक्सेल पाठवलीय, प्रत्येक पार्ट नंबरसमोर एकच कॉलम, एसव्हीएचसी (त्या कायद्यानं अति घातक ठरवलेले पदार्थ) ०.१ टक्क्याच्या वर, हो का नाही. बारच्या टीसीवर (टेस्ट सर्टिफिकेट) शिसं २.८ टक्के आहे. रोहसमध्ये (इलेक्ट्रिक मालातल्या घातक पदार्थांचा युरोपचा नियम) तांब्याच्या मिश्रधातूला ४ टक्क्यांपर्यंत सूट आहे, ती रीचला चालते का? लेड फ्री बार लावून बघितला, चिप तुटतच नाही, टूलला गुंडाळून बसते, त्यामुळे तो रस्ता नको.

त्यात एक कन्सल्टंट म्हणतोय रजिस्ट्रेशन करा, युरोपात ओन्ली रिप्रेझेंटेटिव्ह (आपल्या वतीनं रजिस्ट्रेशन बघणारा तिथला प्रतिनिधी) नेमा, आणि फी अशी सांगतो की तेवढ्यात सेकंडहँड सीएनसी येईल. जुलै २०२५ मध्ये युरोपियन कमिशननं उद्योगांना स्पर्धेत टिकता यावं म्हणून केमिकलचे नियम सोपे करायचं पॅकेज मांडलं असं वाचलं, मग थोडं थांबलो तर हे झेंगट सुटेल का? कुणी हे केलंय का, प्लीज सांगा.

प्रतिसाद: थांबू नका भाऊ. ते पॅकेज मुख्यतः केमिकलच्या डब्यावरची लेबलं, कॉस्मेटिक आणि खतं यांचं आहे, तुमच्या कॉलमला त्यात हात लावलेला नाही. शिसं २०१८ पासून कँडिडेट लिस्टमध्ये (एसव्हीएचसींची अधिकृत यादी) आहे आणि रोहसची सूट इथे लागू नाही, सरळ "हो" लिहा. टर्मिनलसाठी "हो" म्हणजे बंदी नव्हे, फक्त कळवणं. पदार्थाचं नाव आणि सीएएस नंबर (पदार्थाचा ओळख क्रमांक) ७४३९-९२-१ द्या, एससीआयपी डेटाबेसमधली (असे पदार्थ असलेल्या वस्तूंची युरोपची नोंदवही) नोंद युरोपातला विकणारा करतो. रजिस्ट्रेशन तर सोडाच, टर्मिनल ही वस्तू आहे, तिच्यातून शिसं मुद्दाम बाहेर सोडायचं नसतं, मग रजिस्ट्रेशन कशाचं? कन्सल्टंटला विचारा कुठल्या कलमाखाली म्हणतोय ते, लेखी.

धागाकर्ता: खूप आभार सर! अजून एक, काही टर्मिनल आम्हीच प्लास्टिक हाउसिंगमध्ये बसवून देतो, टक्का अख्ख्या असेंब्लीवर काढला तर चालेल का? वजन वाढलं की टक्का बराच खाली येतो.

प्रतिसाद: ही पळवाट २०१५ लाच बंद झालीय, युरोपच्या कोर्टानं सांगितलं की ०.१ टक्का आतल्या प्रत्येक वस्तूवर मोजायचा. म्हणजे टर्मिनल वेगळं, हाउसिंग वेगळं. आणि हो, फॉर्मवर कुठल्या तारखेची लिस्ट धरलीय ते लिहून द्या, साधारण दर सहा महिन्यांनी ती वाढते आणि पार्टी परत तीच एक्सेल पाठवते.